रिकाम्या चौकटी

आमच्या अभ्यासिकेची हजेरीवही लांबट आहे, जाड पुठ्ठ्याची. डावीकडे नावं, वर तारखा, मध्ये चौकटी. आलेल्या मुलाच्या चौकटीत बरोबरची खूण, न आलेल्याच्या चौकटीत काहीच नाही. पहिली काही वर्षं मी वर्षअखेरीला ती वही घेऊन बसायचे आणि खुणा मोजायचे. पानाच्या तळाशी बेरीज, शेवटच्या पानावर बेरजांची बेरीज. ती अहवालात जायची: लाभार्थी ६२, सरासरी उपस्थिती अमुक टक्के. त्या आकड्यांत खोटं काही नव्हतं. खुणा मी स्वतः दोनदा मोजलेल्या असायच्या.

रिकाम्या चौकटी मात्र मी कधीच मोजल्या नाहीत.

संस्था छोटी आहे. संध्याकाळी मुलांना शांतपणे बसायला जागा, अडेल तिथे शिकवणं, आणि आठवड्यातून एकदा एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे जाऊन गप्पा मारणं, एवढंच काम. पगारी माणसं दोन, स्वयंसेवक आठ. अशा संस्थेत हिशेब लिहिणारी, अहवाल लिहिणारी आणि मुलांच्या वह्या तपासणारी व्यक्ती बहुतेक वेळा एकच असते. आमच्याकडे ती मी.

एका वर्षी एका देणगीदारांचा नवा अर्ज आला. त्यात एक रकाना होता: तुमच्या कामामुळे समाजात झालेला बदल, पन्नास शब्दांत. मी लिहिलं, ‘मुलांच्या आत्मविश्वासात लक्षणीय वाढ झाली.’ निधी मंजूर झाला. ते वाक्य मात्र मला टोचत राहिलं. लक्षणीय म्हणजे किती? कुणाच्या आत्मविश्वासात? कशावरून? आणि वाढला असेल तर आमच्यामुळेच वाढला हे कशावरून? एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. वाक्य कुणाला फसवायला लिहिलं नव्हतं, मला ते मनापासून खरं वाटत होतं. त्यामुळेच जास्त अस्वस्थ वाटलं. तेव्हापासून मी या मोजमापाच्या मागे लागले आहे.

या क्षेत्रात वावरणाऱ्या प्रत्येकाच्या हाती कधी ना कधी एक तक्ता पडतो. काय घातलं, काय केलं, त्यातून लगेच काय निघालं, पुढे लोकांच्या आयुष्यात काय बदललं, अशी साखळी मांडणारा. त्याचा मूळ साचा १९६९ च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत देणाऱ्या यंत्रणेसाठी, म्हणजे यूएसएडसाठी तयार झाला. लॉगफ्रेम म्हणतात त्याला. चार रकाने असतात: उद्दिष्ट, ते मोजायचा निदर्शक (ते साधलं का हे दाखवणारी खूण), पुरावा कुठे मिळेल, आणि गृहीतकं. या तक्त्याला कंटाळलेली माणसं मला खूप भेटली. मला स्वतःला त्यातला शेवटचा रकाना अतिशय मोलाचा वाटतो, आणि तोच सगळ्यात घाईत भरला जातो. आम्ही तिथे लिहायचो, ‘पालकांचं सहकार्य मिळेल.’ पुढे एकदा आम्ही नीट बसून तो रकाना भरला तेव्हा अकरा गृहीतकं निघाली. मूल संध्याकाळी मोकळं असतं, हे एक. घरापासून इथपर्यंत यायला त्याला भीती वाटत नाही, हे दुसरं. शांत जागा मिळाली की मूल अभ्यास करतं, हे तिसरं. यातलं एकही आम्ही कधी तपासलेलं नव्हतं. आमचं सगळं काम या अकरा वाक्यांवर उभं होतं.

पण खरी ठेच लागली ती एका जुन्या अभ्यासाबद्दल वाचताना. अमेरिकेत मॅसेच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शहरांत १९३९ मध्ये एक मोठं काम सुरू झालं. रिचर्ड कॅबट नावाच्या डॉक्टरांनी त्याची आखणी केली होती. मुलं वाईट मार्गाला लागू नयेत म्हणून त्यांना लहानपणीच आधार द्यायचा, असा हेतू. एकूण ५०६ मुलगे. वय, घरची परिस्थिती, स्वभाव जुळणाऱ्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि नाणं उडवून प्रत्येक जोडीतल्या एकाला मदतीच्या गटात घेतलं. त्या मुलांच्या घरी समुपदेशक नियमित जात, अभ्यासात मदत करत, दवाखान्यात नेत, उन्हाळी शिबिरांना पाठवत. हे सरासरी पाच वर्षं चाललं. माणसं मनापासून काम करणारी होती. आज आपण ज्याला चांगलं काम म्हणतो तसंच ते होतं.

तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधिकेनं या मुलग्यांचा माग काढला. ते आता मध्यमवयीन पुरुष झाले होते. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश म्हणाले, त्या कामाचा आम्हाला उपयोग झाला. अनेकांनी आपल्या समुपदेशकाची आठवण प्रेमानं सांगितली. १९७८ मध्ये मॅककॉर्ड यांनी निष्कर्ष छापले. गुन्ह्यांच्या बाबतीत मदतीचा काही फायदा दिसत नव्हता. उलट एकापेक्षा जास्त गुन्हे करणं, दारूच्या आहारी जाणं, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू या गोष्टींत मदत मिळालेला गट मदत न मिळालेल्या गटापेक्षा वाईट स्थितीत होता. पुढच्या विश्लेषणात त्यांचा संशय शिबिरांकडे वळला. एकापेक्षा जास्त वेळा शिबिराला गेलेल्या मुलांचं नुकसान जास्त दिसत होतं. बिथरलेली मुलं एकत्र राहिली आणि एकमेकांकडून नको ते शिकली असावीत.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. ते दोन तृतीयांश लोक खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. त्यांच्या जागी आमची मुलं असती तर अहवालात मी त्यांचीच वाक्यं घातली असती, फोटोसकट. मदत न मिळालेला तो दुसरा गट नसता, तर या कामानं काही बिघडवलं असेल ही शंकासुद्धा कुणाच्या मनात आली नसती.

आपण नसतो तर काय झालं असतं? मोजमापाचा सगळा डोलारा या एका प्रश्नावर उभा आहे, आणि तो स्वतःला विचारायला धीर लागतो. आमच्या बाबतीत त्याचं उत्तर एकदा फार लवकर मिळालं. वर्षाच्या सुरुवातीला आम्ही गणिताची एक चाचणी घेतली होती. सगळ्यात कमी गुण मिळालेली दहा मुलं निवडून त्यांना वेगळं शिकवलं. तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी. दहापैकी आठ जणांचे गुण वाढले. आम्हा सगळ्यांचे चेहरे फुलले. मग एका स्वयंसेविकेनं, जी संख्याशास्त्र शिकवते, विचारलं, “ताई, वेगळं न शिकवलेल्यांपैकी खालून पुढची दहा मुलं घ्या ना. त्यांचं काय झालं?” त्यातल्या सात जणांचेही गुण वाढले होते. ज्या दिवशी मूल सगळ्यात खाली असतं, तो दिवस बऱ्याचदा त्याचा वाईट दिवस असतो. दुसऱ्या वेळी ते आपोआप थोडं वर येतं. फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीची तुलना करताना हेच पाहिलं होतं: टोकाकडून सरासरीकडे परत येण्याची ओढ. सगळ्यात गरजू माणसं निवडणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या वाटेत हा चकवा असतो.

मग आम्हीही चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे का? या पद्धतीनं गरिबीवरच्या उपायांची पारख करण्यासाठी अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि या पद्धतीनं जगाला खूप काही शिकवलं, यात मला शंका नाही. पण आमच्याकडे मुलं ६२. त्या स्वयंसेविकेनं फळ्यावर हिशेब मांडून दाखवला. फरक मध्यम असेल तर तो खात्रीनं पकडायला प्रचलित निकषांनुसार प्रत्येक गटात किमान चौसष्ट मुलं हवीत. फरक छोटा असेल, आणि शिक्षणात तो बहुतेक छोटाच असतो, तर प्रत्येक गटात चारशेच्या आसपास. म्हणजे आम्ही ही चाचणी केली असती तर काम चांगलं असूनही ‘परिणाम दिसला नाही’ असं उत्तर येण्याची शक्यताच जास्त होती. छोट्या संस्थेला अशी चाचणी करायला लावणं हा त्या संस्थेवर आणि त्या पद्धतीवरही अन्याय आहे.

अलनूर इब्राहिम आणि कस्तुरी रंगन या दोन अभ्यासकांची मांडणी इथे मला फार उपयोगी पडली. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक संस्थेनं साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत मोजायला जाऊ नये. आपत्तीत अन्न पोचवणाऱ्यांनी ते वेळेत, योग्य माणसापर्यंत, पुरेसं पोचलं का हे चोख मोजावं. त्यानं समाजाची गरिबी किती हटली, हे त्यांना विचारण्यात अर्थ नाही. मी त्यात माझ्यापुरती एक भर घालते. एखाद्या उपायाचा परिणाम इतरांनी मोठ्या अभ्यासांतून आधीच दाखवला असेल, तर छोट्या संस्थेनं तो पुन्हा सिद्ध करत बसू नये. आपण तो उपाय नीट पोचवतो का, एवढं पाहिलं तरी काम मोठं आहे. लस पोचवणाऱ्यांनी लस गुणकारी आहे का हे पाहायचं नसतं, ती थंड राहिली का हे पाहायचं असतं.

पैशाच्या बाजूनंही मी हिशेब करून पाहिला. आमचे आठ स्वयंसेवक आठवड्याला प्रत्येकी चार तास देतात, वर्षाचे चव्वेचाळीस आठवडे. म्हणजे १,४०८ तास. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०११ मध्ये स्वयंसेवी काम मोजण्याची एक मार्गदर्शिका काढली. त्यातली रीत अशी की तेच काम पगारी माणसाकडून करून घेतलं असतं तर किती वेतन द्यावं लागलं असतं ते पाहायचं. तसं केल्यावर स्वयंसेवकांच्या वेळेचं मोल आमच्या वर्षभराच्या अंदाजपत्रकापेक्षा जास्त निघालं. मी तो आकडा मासिक बैठकीत सांगितला तेव्हा क्षणभर कुणी काही बोललं नाही. निवृत्तीनंतर आमच्याकडे येणारे एक काका हळूच म्हणाले, “म्हणजे संस्था आपल्याच जिवावर चालली आहे की.” त्या दिवसापासून ताळेबंदाच्या खाली हे तास आम्ही वेगळे लिहितो. ताळेबंदात पैसा दिसतो, तास दिसत नाहीत. न दिसणाऱ्या गोष्टीला निधी मागता येत नाही आणि तिची काळजीही घेतली जात नाही.

पैशाचा माग काढण्याची आणखी एक सोपी युक्ती आहे. न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन या ब्रिटिश संस्थेची, एलएम३ नावाची. संस्थेकडे आलेली रक्कम, त्यातली जवळपासच्या माणसांवर आणि विक्रेत्यांवर खर्च झालेली रक्कम, आणि त्या लोकांनी पुन्हा जवळपास खर्च केलेली रक्कम, अशा तीन फेऱ्या बेरीज करून पहिल्या रकमेनं भागायच्या. उत्तर एक ते तीनच्या मध्ये येतं. यातून संस्थेचा पैसा आजूबाजूला किती फिरतो ते कळतं.

सामाजिक परताव्याचं गुणोत्तर काढण्याची रीत मात्र जपून वापरावी. घातलेल्या एका रुपयाला, डॉलरला, कशालाही, अमुक इतकं सामाजिक मोल परत मिळालं, असं ते सांगतं. १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका निधीसंस्थेनं ती रूढ केली. या पद्धतीच्या वजाबाक्या मला आवडतात. आपण नसतो तरी जे झालंच असतं ते वजा करा. इतरांच्या वाट्याचं श्रेय वजा करा. एकाचं भलं करताना दुसऱ्याचं जे गेलं ते वजा करा. वर्षागणिक परिणाम जसा ओसरतो तसं तेही वजा करा. या चार वजाबाक्या प्रामाणिकपणे केल्या तर माणूस नम्र होतो. पण अहवालाच्या मुखपृष्ठावर नुसतं गुणोत्तर येतं, आणि दोन संस्थांची गुणोत्तरं शेजारी ठेवून निधी वाटला जातो. प्रत्येकीची गृहीतकं वेगळी असताना अशी तुलना करणं सपशेल चूक आहे.

आणि वृद्धांकडे जाऊन बसण्याचं काय? तिथलं मोजमाप मला एका आजींनी शिकवलं. मी प्रश्नावली घेऊन गेले होते. एकटेपणा किती वाटतो, एक ते पाच. त्यांनी तीन म्हटलं. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, “गेल्या वर्षीही तू हेच विचारलंस. मी तीनच म्हटलं होतं. त्या तीनाचं पुढे काय केलंस?” माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. तो तीन मी एका तक्त्यात घातला होता आणि तक्ता एका फोल्डरमध्ये. आता आमचा नियम आहे: विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर घेऊन त्याच माणसाकडे परत जायचं. परत जाता येणार नसेल तर तो प्रश्न विचारायचा नाही. या नियमानं आमची प्रश्नावली चाळीस प्रश्नांवरून नऊवर आली.

मोजमाप फुकट होत नाही, हेही सांगायला हवं. पाच देणगीदार, पाच साचे, पाच वेगवेगळी आर्थिक वर्षं. आमच्या समन्वयकाची आठवड्यातली एक पूर्ण दुपार त्यात जाते, आणि त्या दुपारी अभ्यासिकेत एक माणूस कमी असतो. प्रशासकीय खर्च कमी दाखवा म्हणायचं आणि त्याच वेळी भरभक्कम पुरावा मागायचा, या दोन मागण्या एकत्र नांदत नाहीत. पुरावा गोळा करायला माणूस लागतो आणि त्या माणसाचा पगार प्रशासकीय खर्चातच धरला जातो.

त्याहून मोठी किंमत आम्ही एका वर्षी मोजली, ती सांगताना आजही मान खाली जाते. एका निधीची अट होती, उत्तीर्णांचं प्रमाण. कुणी ठरवून काही केलं नाही. पण त्या वर्षी नवीन प्रवेश देताना, दोनदा नापास झालेल्या एका मुलाला आम्ही ‘जागा नाही’ म्हटलं. जागा होती. प्रमाण छान आलं. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकातच सांगून ठेवलं होतं की एखाद्या आकड्यावर निर्णय जितके जास्त बेतले जातील, तितका तो आकडा भ्रष्ट व्हायचा धोका वाढतो, आणि ज्या कामावर तो लक्ष ठेवतो ते कामही बिघडतं. मला हे वाक्य कळायला एका मुलाचं दार बंद व्हावं लागलं. आम्ही नंतर त्याच्या घरी गेलो. तो तोवर कामाला लागला होता.

त्यानंतर आम्ही एक वेगळी पद्धत धरली. रिक डेव्हिस या मूल्यमापनाच्या अभ्यासकानं १९९० च्या दशकात बांगलादेशातल्या एका ग्रामविकास कार्यक्रमासाठी ती घडवली. आधी निदर्शक ठरवायचेच नाहीत. लोकांना एवढंच विचारायचं: गेल्या तीन महिन्यांत तुमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा बदल कोणता? मग सगळ्यांनी मिळून त्या कहाण्यांतली एक निवडायची, आणि ती का निवडली हे लिहून ठेवायचं. त्या ‘का’वरच्या चर्चेत संस्थेला स्वतःबद्दल जे कळतं, ते एरवी कळत नाही.

पहिल्याच फेरीत सातवीतल्या एका मुलीनं सांगितलं, “ताई, इथं माझी वही ठेवायला जागा आहे.” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मागच्या भिंतीला एक फडताळ आहे, जुनं, कुणीतरी दिलेलं. मुलं त्यात वह्या ठेवून जातात. ती म्हणाली, घरी धाकटा भाऊ वह्या फाडतो, म्हणून ती आधी गृहपाठ करतच नव्हती. करून ठेवायचा कुठे? आमच्या कुठल्याच तक्त्यात ते फडताळ नव्हतं. शिकवण्याचे तास होते, चाचण्या होत्या, पालकसभा होत्या. फडताळाचा खर्च शून्य, म्हणून नोंदही शून्य. त्या महिन्यात आम्ही प्रत्येक मुलासाठी एक खण केला आणि त्यावर नाव लावलं. एक पैचा निधी कुणाकडे मागितला नाही.

या वर्षी शेवटी मी रिकाम्या चौकटी मोजल्या. ६२ पैकी सतरा मुलं मध्येच यायची थांबली होती. म्हणजे माझ्या अहवालातल्या प्रत्येक चार ‘लाभार्थ्यां’मागे एकाहून थोडं जास्त. आम्ही फोन लावायला सुरुवात केली. ‘परत ये’ म्हणायचं नाही, नुसतं विचारायचं, असं आधीच ठरवलं होतं. अकरा घरांत बोलणं झालं. दोघं दुसरीकडे राहायला गेली होती. चौघांची वेळ जमत नव्हती. आईवडील कामावरून येईपर्यंत धाकट्या भावंडांना सांभाळावं लागत होतं. तिघांना आता गरज वाटत नव्हती, आणि ते ऐकून बरं वाटलं. एका मुलीला वाटेतल्या एका वळणाची भीती वाटायची. आणि एक मुलगा बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “तिथं मला येत नाही हे सगळ्यांना कळतं.”

चौघांसाठी वेळ अर्ध्या तासानं पुढे नेली आणि भावंडांना सोबत आणायला सांगितलं. वळणापर्यंत आता एक स्वयंसेवक जातो. शेवटच्या मुलाला काय उत्तर द्यायचं ते अजून सुचलेलं नाही. त्याचं वाक्य मी गृहीतकांच्या रकान्यात, तिसऱ्या वाक्यासमोर लिहून ठेवलं आहे. सहा क्रमांक अजून लागायचे आहेत. रविवारी संध्याकाळी माणसं घरी सापडतात, तेव्हा पुन्हा लावून पाहीन.